मोडण्याआधीची विक्रांत

'विक्रांत' ही भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका. ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. त्यानंतर बरीच वर्षे ती मुंबईत गोदीच्या आसऱ्याने उभी होती आणि २८ मे २०१४ रोजी तिला ओढत, जहाजे मोडली जातात त्या दारूखान्याकडे नेण्यात आले. निवृत्ती आणि भंगार यांच्यामधली ही सतरा वर्षे तिच्या आयुष्यातला वेगळाच कालखंड आहे. एरवी युद्धनौकेच्या शिडीवर पाय ठेवण्याची सोय सामान्य माणसाला नसते. या काळात मात्र ती संग्रहालय म्हणून खुली झाली आणि लोक तिच्या पोटात शिरून तिला पाहू शकले. मोठे जहाज मोडण्याआधी आतून पाहायला मिळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. त्या पाहण्यातून काय हाती लागते आणि काय निसटते, याचे विक्रांतइतके पूर्ण उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

मुंबईला मोठ्या जहाजांची सवय जुनी. विमानप्रवास सर्रास होण्याआधी समुद्रापार जायचे म्हणजे बॅलार्ड पिअरवरून आगबोट धरायची. ४ ऑक्टोबर १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने निघाले. पुढच्या वर्षी महात्मा गांधी 'राजपुताना'ने गेले. या बोटींवर कोकण आणि गोव्याचा मोठा वाटा होता. डेकवरचे खलाशी बहुतेक रत्नागिरीकडचे असत, तर भोजनगृहात आणि केबिनमध्ये गोव्याचे लोक काम करत. दोन्ही बोटी दुसऱ्या महायुद्धात बुडाल्या. 'राजपुताना' १९४१ मध्ये आणि 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' १९४२ मध्ये. ज्या बुडाल्या नाहीत त्या म्हातारपणी भंगारात गेल्या. मद्रास-सिंगापूर मार्गावर वर्षानुवर्षे डेकच्या प्रवाशांची ने-आण करणारी, १९२६ मध्ये बांधलेली 'राजुला' १९७४ मध्ये मुंबईतच मोडली गेली. अशा बोटींची आठवण घराघरांतल्या पत्रांत, ट्रंकांवरच्या चिठ्ठ्यांत आणि जुन्या छायाचित्रांत उरली. त्यांच्या अंतरंगाची नीट नोंद मात्र फारशी कोणी ठेवली नाही. विक्रांत युद्धनौका असली तरी वयाने आणि बांधणीने याच पोलादी, वाफेच्या जगातली. म्हणून तिच्या शेवटाकडे पाहताना या सगळ्या बोटींचा शेवटही समोर येतो.

विक्रांतचे मूळ नाव 'हर्क्युलिस'. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला झटपट बांधता येतील अशा हलक्या विमानवाहू नौका हव्या होत्या. १९४२ मध्ये ठरलेल्या आराखड्यावर सोळा नौका हाती घेण्यात आल्या. त्यांपैकी हर्क्युलिसची पायाभरणी १४ ऑक्टोबर १९४३ रोजी टाइन नदीकाठी व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत झाली आणि २२ सप्टेंबर १९४५ रोजी ती पाण्यात उतरली. तोवर युद्ध संपले होते. पुढच्या वर्षी काम थांबले आणि अर्धवट नौका स्कॉटलंडमधल्या गेअरलॉख खाडीत नांगरून ठेवण्यात आली. तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग तयार होता, पण तिच्यावरून एकही विमान उडाले नव्हते. अशी दहा वर्षे गेली. जानेवारी १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली आणि उरलेले काम बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत पूर्ण झाले.

या रखडलेल्या दहा वर्षांचा विक्रांतला मोठा फायदा झाला. जेट विमाने नौकेवर उतरवण्यासाठी लागणाऱ्या तीन महत्त्वाच्या कल्पना नेमक्या याच काळात ब्रिटनमध्ये आकाराला आल्या. पहिली, तिरका डेक. विमान उतरताना चुकले तर पुढे उभ्या असलेल्या विमानांवर न आदळता सरळ पुन्हा उडून जाऊ शकेल, अशी त्याची रचना. दुसरी, वाफेवर चालणारे कॅटापुल्ट, म्हणजे जड विमानाला दोन-तीन सेकंदांत उड्डाणाचा वेग देणारे यंत्र. तिसरी, आरशाच्या साहाय्याने वैमानिकाला उतरण्याचा कोन दाखवणारी दिव्यांची रचना. हर्क्युलिस १९४६ मध्येच पुरी झाली असती तर या सोयी तिला नंतर मोठ्या खर्चाने बसवाव्या लागल्या असत्या, किंवा बसवल्याही गेल्या नसत्या. भारताच्या मागणीवरून त्या बांधणीतच आल्या. बेलफास्टमध्ये झालेल्या समारंभात ब्रिटनमधल्या भारताच्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांनी तिला नौदलात दाखल करून घेतले. कॅप्टन प्रीतमसिंग महिंद्रू तिचे पहिले कमांडिंग अधिकारी. १८ मे १९६१ रोजी तिच्यावर पहिले जेट विमान उतरले. ते चालवणारे तरुण अधिकारी राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी विक्रांत मुंबईत पोहोचली तेव्हा स्वागताला पंतप्रधान जवाहरलाल नेहरू हजर होते.

संग्रहालय झालेल्या विक्रांतवर जाणाऱ्या माणसाला सर्वांत आधी जाणवे तो तिचा आकार. लांबी सुमारे २१३ मीटर, रुंदी डेकच्या पातळीवर सुमारे ३९ मीटर, पूर्ण भरलेली असताना वजन १९,५०० टनांच्या आसपास. धक्क्यावरून पाहताना तिचे एक टोक डोळ्यांत मावले तर दुसरे मावत नसे. आत गेल्यावर हँगर लागे. एरवी विमाने इथेच ठेवली जात, धुतली जात, दुरुस्त होत. लांबीला शंभर मीटरहून अधिक असलेली ही जागा उंचीला मात्र जेमतेम पाच मीटर. पंख वर दुमडता येत म्हणूनच विमाने तिथे मावत. पंख दुमडलेली विमाने एकमेकांच्या इतक्या जवळ लावत की त्यांच्यामधून माणसाला आडवे होऊन जावे लागे. हँगरच्या छतात दोन मोठ्या चौकोनी जागा होत्या. त्या म्हणजे विमाने वर नेणाऱ्या लिफ्ट. संग्रहालयाच्या काळात याच हँगरमध्ये निवृत्त विमाने आणि हेलिकॉप्टर मांडून ठेवली होती आणि मुलांना ती हात लावण्याइतक्या जवळून पाहता येत होती.

वर उड्डाणाचा डेक. हा भाग पाहताना तिथे काय होत असे ते समजून घेतले नाही, तर ते एक रिकामे पोलादी मैदान वाटते. उतरणारे विमान मागच्या बाजूने यायचे. डेकच्या डाव्या कडेला लावलेल्या आरशात वैमानिकाला प्रकाशाचा एक ठिपका दिसायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची रांग. ठिपका रांगेच्या वर दिसला तर विमान फार उंचावर, खाली दिसला तर धोकादायकरीत्या खाली. ठिपका रांगेत धरून ठेवत वैमानिकाने यायचे. विमानाच्या शेपटीखाली एक हूक लोंबकळत असे आणि डेकवर आडव्या पोलादी तारा ताणून ठेवलेल्या असत. हुकाने तार पकडली की तारेची टोके डेकखालच्या हायड्रॉलिक यंत्रांना ओढत आणि वेगाने आलेले विमान थोड्याच अंतरात थांबे. चाके डेकला टेकताच वैमानिक इंजिनाची ताकद कमी न करता वाढवत असे, कारण हुकाने तार सोडली तर पुन्हा उडावे लागणार हे त्याला ठाऊक असे. समुद्र खवळलेला असताना हा डेक वरखाली होत असे, आणि रात्री तो अंधारात एवढासा दिसे. हे सगळे कळल्यावर डेकवरच्या ओरखड्यांकडे, तेलाच्या डागांकडे आणि तारांच्या खुणांकडे माणूस वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

डेकच्या उजव्या कडेला नियंत्रणाचा मनोरा. नौदलात याला 'आयलंड' म्हणतात. इथून नौका चालवली जाई आणि विमानांची हालचाल सांभाळली जाई. कप्तानाची जागा, नकाशांची खोली, रडारच्या पडद्यांची जागा, सारे या अरुंद मनोऱ्यात. खाली उतरत गेले की दुसरे जग सुरू होई. अरुंद बोळ, डोक्याला लागणारे पाइप, प्रत्येक बोळाच्या शेवटी जाड पोलादी दार आणि त्याच्या कडेने फिरवून घट्ट करायचे खटके. पाणी शिरले तर एकेक कप्पा बंद करून नौका तरंगत ठेवायची, ही त्या दारांमागची व्यवस्था. दारांवर आणि भिंतींवर रंगाने लिहिलेले आकडे होते. कोणता डेक, कोणता कप्पा हे त्या आकड्यांवरून अंधारातही ओळखता येत असे. हजाराहून अधिक माणसे या लोखंडात राहत, जेवत, झोपत, आळीपाळीने पहारा देत. नौका ही केवळ यंत्र नसून वस्तीही असते, हे तिच्या खालच्या डेकवर गेल्याशिवाय समजत नाही.

सर्वांत खाली बॉयलर आणि टर्बाइन. चार बॉयलर वाफ तयार करत आणि ती वाफ पार्सन्स टर्बाइनला फिरवी. ४०,००० अश्वशक्तीचे हे यंत्र नौकेला ताशी सुमारे २४ ते २५ सागरी मैलांचा वेग देई. याच वाफेवर कॅटापुल्टही चाले. बॉयलर खोलीतल्या माणसांना बाहेरचा दिवस दिसत नसे. उष्णता, आवाज आणि मापकांचे काटे एवढेच त्यांचे जग. विक्रांतच्या लढाईची गोष्ट सांगताना बहुधा वैमानिकांची नावे पुढे येतात आणि ते योग्यच आहे. पण १९७१ ची मोहीम बॉयलरच्या माणसांशिवाय झालीच नसती. युद्धाच्या आधी एका बॉयलरमध्ये तडे सापडले होते. दुरुस्तीला लागणारे सुटे भाग वेळेवर मिळण्याची शाश्वती नव्हती. वेग मर्यादित ठेवून, दाब सांभाळून, त्या तड्यांवर सतत लक्ष ठेवून नौका युद्धात उतरवली गेली. विमान उडवायला समोरून वारा लागतो आणि तो नौकेच्या वेगातूनच मिळवावा लागतो. कमी वेगात उड्डाणे घेणे म्हणजे प्रत्येक वेळी वाऱ्याचा हिशेब मांडणे.

डिसेंबर १९७१ मध्ये कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या नेतृत्वाखाली विक्रांत पूर्व ताफ्यात होती. तिला शोधण्यासाठी निघालेली पाकिस्तानी पाणबुडी 'गाझी' विशाखापट्टणमजवळ ३ आणि ४ डिसेंबरच्या रात्री बुडाली. त्या वेळी विक्रांत तिथे नव्हती. ती अंदमानच्या बाजूने आधीच पुढे गेली होती. ४ डिसेंबरला तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला चढवला. पुढच्या दिवसांत चितगाव, खुलना, मोंगला ही बंदरे तिच्या विमानांच्या टप्प्यात आली. पूर्व पाकिस्तानातून समुद्रमार्गे निसटण्याचा आणि समुद्रमार्गे कुमक मिळण्याचा रस्ता बंद झाला. तिच्यावरच्या माणसांना दोन महावीर चक्रे आणि बारा वीर चक्रे मिळाली. बांगलादेशाच्या जन्मात या नौकेचा वाटा आहे.

पुढे विमाने बदलली तशी नौकाही बदलत गेली. डिसेंबर १९८३ मध्ये सी हॅरिअर विमाने तिच्यावर पहिल्यांदा उतरली. ही विमाने सरळ खाली उतरू शकत, म्हणून तारांची गरज कमी झाली. १९८० च्या दशकाच्या शेवटी कॅटापुल्ट काढून डेकच्या पुढच्या भागाला वर वळलेला उतार देण्यात आला आणि विमाने त्यावरून झेपावू लागली. ज्यांनी संग्रहालयात विक्रांत पाहिली त्यांनी हा वळलेला डेक पाहिला. मूळ सपाट टोक त्यांना दिसले नाही. जुन्या नौकेवर तिच्या वेगवेगळ्या काळांच्या खुणा एकावर एक बसतात. त्या ओळखण्यासाठी सोबत माहितगार माणूस हवा, नाहीतर पाहणारा शेवटच्या थरालाच सगळी नौका समजतो. १९९४ च्या सुमारास तिचे समुद्रातले फिरणे थांबले आणि १९९७ मध्ये ती अधिकृतपणे निवृत्त झाली.

२००१ पासून विक्रांत संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. नौदल सप्ताहात तर गोदीबाहेर रांगा लागत. मुंबईपासून दूर राहणाऱ्या लोकांसाठी तिचे मोल आणखी वेगळे होते. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्यासारख्या गावापासून मुंबईचा समुद्र सुमारे हजार किलोमीटरवर आहे. इथे मोठे पाणी म्हणजे वैनगंगा आणि मालगुजारांच्या काळात बांधलेले 'मामा तलाव', आणि नाव म्हणजे ढिवर समाजाचा मासेमारीचा डोंगा. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईला आलेल्या मुलाला गेट वे आणि मत्स्यालयाबरोबर विक्रांत पाहायला मिळणे म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या १९७१ च्या युद्धाला हात लावण्यासारखे होते. संग्रहालयाचे खरे काम हेच. ज्याच्या वाट्याला समुद्र आलेला नाही, त्याला त्या समुद्रावर चाललेले देशाचे काम दाखवणे. विक्रांत गेल्यावर मुंबईची एक वस्तू गेली असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या मुलाचाही तिच्यावर हक्क होता.

मग ती टिकली का नाही? पाण्यात उभे असलेले जहाज जमिनीवरच्या किल्ल्यासारखे आपसूक उभे राहत नाही. खाऱ्या पाण्यात पोलाद सतत गंजत असते. चालत्या जहाजाला ठरावीक वर्षांनी सुक्या गोदीत घेऊन त्याचा तळ खरवडतात, पातळ झालेले पत्रे बदलतात आणि रंग देतात. उभ्या जहाजाचीही तीच निगा राखावी लागते, पण ते काही कमवत नसल्याने पैसा बाहेरून आणावा लागतो. शिवाय जागेचा प्रश्न. गोदीतला प्रत्येक धक्का चालत्या युद्धनौकांना हवा असतो. कुलाब्याजवळच्या ऑयस्टर रॉकवर तिला कायमची जागा देण्याची योजना पुढे आली होती, पण ती प्रत्यक्षात आली नाही. खासगी भागीदार मिळाले नाहीत आणि एवढा खर्च पेलणे राज्य सरकारला जमले नाही. तळाची अवस्था बिघडत गेली तशी लोकांना आत सोडणेही धोक्याचे ठरले आणि २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले.

डिसेंबर २०१३ मध्ये तिला लिलावात काढण्याचे ठरले. जनहित याचिका झाल्या, मुंबई उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात. सुमारे ६० कोटी रुपयांना ती आय. बी. कमर्शियल या कंपनीला विकली गेली. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडण्याला तात्पुरती स्थगिती दिली आणि ऑगस्टमध्ये याचिका फेटाळली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्यावर गॅस कटर चालू लागले. १९४२ च्या त्या आराखड्यावरची ती शेवटची उरलेली नौका होती. तिच्या भगिनी ऑस्ट्रेलियातून, कॅनडातून, ब्राझीलमधून निवृत्त होऊन केव्हाच मोडल्या गेल्या होत्या. एका पूर्ण जातीचा शेवट मुंबईच्या चिखलात झाला.

दारूखाना मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, रे रोड स्थानकाच्या जवळ आहे. जहाज मोडणे हा इथला जुना धंदा. उधाणाच्या भरतीला जहाज जितके आत येईल तितके आणतात, मग विंचने ओढून पुढच्या भरतीला आणखी आत घेतात. मोडण्याचे काम वरून खाली चालते. आधी सुट्या होणाऱ्या सगळ्या वस्तू निघतात: दारे, टेबले, दिवे, वायरी, तांब्या-पितळेचे नळ. मग ऑक्सिजन आणि गॅसच्या ज्योतीने पत्रे कापले जातात. कापणारा माणूस पत्र्यावर आधी खडूने रेघ ओढतो, रेघेच्या टोकाला ज्योत धरून पोलाद लाल होईपर्यंत थांबतो आणि मग ऑक्सिजनचा झोत सोडतो. झोताबरोबर वितळलेले लोखंड ठिणग्यांसह पलीकडे उडते आणि रेघेवर फट पडत जाते. मोठा तुकडा खाली येतो, क्रेनने किनाऱ्यावर जातो, तिथे त्याचे आणखी लहान तुकडे होतात. कित्येक पत्रे थेट रोलिंग मिलमध्ये जाऊन बांधकामाच्या सळया होतात. हे काम धोक्याचे आहे. बंद टाकीत अडकलेला वायू, तेलाचे अवशेष, वरून पडणारे पत्रे आणि जुन्या जहाजांतले ॲस्बेस्टॉस यांचा धोका कायम असतो. विक्रांतबद्दल हळहळताना तिला मोडणाऱ्या हातांचा विचार न करणे अन्यायाचे ठरेल.

हा धोका जगाच्या डोळ्यांपुढे आणला तो एका प्रवासी जहाजाने. फ्रान्सचे 'फ्रान्स' हे सुमारे ३१६ मीटर लांबीचे जहाज ११ मे १९६० रोजी सेंट-नाझेर येथे पाण्यात उतरले आणि १९६२ मध्ये अटलांटिकवर धावू लागले. २००४ पर्यंत एवढे लांब प्रवासी जहाज दुसरे नव्हते. तेलाच्या किमती वाढल्या, विमानप्रवास वाढला आणि १९७४ मध्ये ते उभे करण्यात आले. १९७९ मध्ये नॉर्वेच्या कंपनीने ते घेऊन 'नॉर्वे' या नावाने कॅरिबियन समुद्रात सहलींसाठी चालवले. मे २००३ मध्ये मायामीत बॉयलरचा स्फोट होऊन आठ कर्मचारी गेले आणि जहाज पुन्हा प्रवाशांसाठी चालले नाही. 'ब्ल्यू लेडी' या नावाने ते ऑगस्ट २००६ मध्ये गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर लागले. त्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून सर्वोच्च न्यायालयात वाद गेला आणि सप्टेंबर २००७ मध्ये मोडायला परवानगी मिळाली. त्याच्या नाकाच्या टोकाचा तुकडा मात्र फ्रान्सला परत गेला आणि २००९ मध्ये पॅरिसमध्ये त्याचा लिलाव झाला. एवढ्या प्रेमाचे जहाजही एका समृद्ध देशाला ठेवता आले नाही. कॅलिफोर्नियात लाँग बीचला १९६७ पासून उभी असलेली 'क्वीन मेरी', योकोहामातली 'हिकावा मारू' अशी टिकलेली जहाजे अपवाद आहेत. त्यांच्यामागे एखादे शहर किंवा संस्था दशकानुदशके उभी राहिली आहे.

विक्रांतचे जे उरले ते तुकड्यांत उरले. तिच्या धातूतून घडवलेले स्मारक जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत नौदल गोदीच्या परिसरात उभे राहिले. बजाज ऑटोने त्याच वर्षी तिच्या धातूचा अंश वापरून व्ही १५ ही मोटारसायकल बाजारात आणली. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत दाखल झालेल्या स्वदेशी विमानवाहू नौकेला विक्रांत हेच नाव मिळाले. नाव चालू राहिले ही मोठी गोष्ट आहे. तरीही जुन्या विक्रांतनंतर निवृत्त झालेल्या 'विराट' या विमानवाहू नौकेची कहाणी फार निराळी झाली नाही. ६ मार्च २०१७ रोजी ती निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिला सिंधुदुर्गात निवतीजवळ ठेवून संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. ती योजना झाली नाही आणि सप्टेंबर २०२० मध्ये विराट अलंगला गेली. आता निवती खडकाजवळच 'गुलदार' ही निवृत्त नौका बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याचे काम हाती घेतले गेले आहे. गुलदार आकाराने विराटच्या निम्म्याहूनही लहान आहे. योजना पैशाच्या आणि पाण्याच्या मापात बसवली तर ती पुढे सरकते, हा यातला धडा.

प्रत्येक जहाज ठेवता येणार नाही हे मान्य करायला हवे. पण मोडण्याआधी ते पाहून, मोजून, उतरवून घेणे नेहमीच शक्य असते. विक्रांतची भगिनी 'मेलबर्न' ऑस्ट्रेलियाने १९८५ मध्ये भंगारात विकली आणि ती चीनला गेली. तिथे तिला लगेच न कापता चिनी नौदलाच्या अभियंत्यांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. ज्या नौकेची किंमत भंगाराच्या टनांवर ठरली होती, तिच्यातून त्यांनी विमानवाहू नौका म्हणजे काय हे शिकून घेतले. तो अभ्यास लष्करी हेतूने झाला. इतिहासासाठीही तसाच अभ्यास करता येतो.

जहाज मोडण्याबद्दलचे नियम आता बरेच पुढे गेले आहेत. भारताने २०१९ मध्ये जहाज पुनर्वापराचा कायदा केला आणि हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झाला. जहाजावर कोणकोणते घातक पदार्थ कुठे आहेत, याची यादी या नियमांनुसार आता सक्तीची आहे. युद्धनौका मात्र या नियमांच्या बाहेर आहेत. कामगाराच्या जिवासाठी विषाची यादी हवीच. तिच्या जोडीला दुसरी यादीही सक्तीची व्हायला हवी: जहाजावर जपण्यासारखे काय आहे याची. त्यात प्रत्येक डेकचा मोजून काढलेला आराखडा असावा, खोल्यांची आणि यंत्रांची छायाचित्रे असावीत, भिंतीवरचे आकडे आणि पाट्या असाव्यात, वेगवेगळ्या काळांत केलेले बदल असावेत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बॉयलर खोलीपासून मनोऱ्यापर्यंत तिथे काम केलेल्या माणसांची त्यांच्याच तोंडून घेतलेली माहिती असावी. पोलाद पुन्हा वितळवता येते. कोणत्या खटक्याला कोणता हात लागत असे, ही माहिती ती जाणणाऱ्या माणसाबरोबर जाते.

अशी नोंद ठेवायला नौका टिकवण्याच्या खर्चाचा फार छोटा हिस्सा पुरतो. ती मुंबईतल्या एका धक्क्यापुरती अडकून राहत नाही. छापील पुस्तकातून, चित्रफितीतून, फिरत्या प्रदर्शनातून ती नागपूर, गोंदिया, कामठा कुठेही जाऊ शकते. महाराष्ट्राला ७०० किलोमीटरहून लांब किनारा आणि देशाचे मोठे नौदल केंद्र लाभले आहे. इथल्या गोद्यांतून जहाजे यापुढेही निवृत्त होत राहणार. नौदल, राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि विद्यापीठे यांनी एकत्र येऊन निवृत्तीचा दिवस ठरताच हे काम सुरू करावे. लिलावाची जाहिरात निघाल्यावर त्याला वेळ उरत नाही.